हाडांचा ताळेबंद

मी हाडाचा कारकून आहे, असं आमच्या शाखेत सगळे म्हणतात. कुठल्या हाडाचा, हे मात्र गेल्या महिन्यापर्यंत मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं आहे. माकडहाडाचा!

झालं असं, की सौ.नं गच्चीवर कुरडया घातल्या होत्या आणि आभाळ भरून आलं. मी तत्परतेनं धावलो. कुरडया वाचल्या. उतरताना मी चार पायऱ्या एकदम उतरलो, आणि त्याही बसून. आई ओसरीवरून ओरडली, "आरं, पडलास व्हय?" पडलेल्या माणसाला हा प्रश्न का विचारतात, हे कोडं मला अजून उलगडलेलं नाही.

उमरग्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि म्हणाले, "माकडहाडाला मार आहे. मोडलेलं नाही. पण महिनाभर बसायचं जपून."

"डॉक्टर," मी म्हणालो, "मला पगारच बसण्याचा मिळतो."

तेव्हा त्यांनी मधे भोक असलेली एक गोल उशी लिहून दिली. ती घेऊन मी काउंटरवर बसू लागल्यापासून पीक कर्जाला आलेला प्रत्येक शेतकरी आधी वाकून बघतो आणि मग विचारतो, "सायेब, ट्यूब ट्रॅक्टरची का मोटरसायकलची?"

संध्याकाळी घरी पालथा पडून असताना चिरंजीवांची विज्ञानाची उजळणी कानावर येई. "जन्मतः बाळाच्या अंगात सुमारे ३०० हाडं असतात. मोठ्या माणसात २०६."

मी दचकलो. वाणिज्य शाखेचा पदवीधर मी. आरंभीची शिल्लक ३००, अखेरची २०६, आणि मधल्या चौऱ्याण्णव हाडांचा हिशेब नाही? ऑडिटरनं असं काही पाहिलं असतं, तर माझी बदली थेट गडचिरोलीला झाली असती. पण चिरंजीव म्हणाले, "बाबा, ती हरवत नाहीत. एकमेकांना जुळतात. कवटीची जुळतात, म्हणून तर बाळाची टाळू भरते. कण्याच्या खालचे पाच मणके जुळून एक हाड होतं. तुमचं माकडहाडसुद्धा तीन-पाच मणक्यांचं मिळून झालंय."

म्हणजे विलीनीकरण! मग माझ्या चटकन लक्षात आलं. २०२० साली दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, तेव्हाही पाट्या कमी झाल्या आणि दुखणी तेवढीच राहिली.

पुढं तर माझी खात्रीच पटली, की हा सांगाडा म्हणजे अस्सल बँक आहे. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत ठेवीसारखं असतं. उरलेलं रक्तात आणि इतरत्र, म्हणजे काउंटरवरची रोकड. ती कमी पडली तर हृदयाचे ठोके आणि स्नायूंचं काम बिघडतं. म्हणून गळ्यात डाळीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी पहारा देत बसलेल्या असतात. रोकड घटली, की त्या हाडांतून रक्कम काढतात. ना चेक, ना सही! हाडांत दोन जातीच्या पेशी अहोरात्र काम करतात. एक जात जुनं हाड उकरते, दुसरी नवं भरते. एकीकडे नावे, दुसरीकडे जमा. तिशीपर्यंत जमा जास्त. नंतर हळूहळू नावेची बाजू वरचढ होते, आणि बाईमाणसाची पाळी गेल्यावर तर काही वर्षं खात्यातून रक्कम झपाट्यानं जाते.

या वाक्यावर मी पालथ्याचा उताणा झालो, कळवळलो आणि आईकडं बघितलं. सत्तरीची आई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांकडं तिलाही घेऊन गेलो. तिच्या हाडांची तपासणी झाली. डॉक्टर तिच्या हाताचा एक्स-रे उजेडापुढं धरून म्हणाले, "आजी, हा हात कधी मोडला होता? जरा वाकडा जुळलाय."

"भूकंपाच्या साली," आई म्हणाली, आणि पदर सारखा करून गप्प बसली.

आमचं माकणी तेरणेवरच्या धरणाचं गाव. किल्लारी, सास्तूर ही सगळी आमच्या शेजारची. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव दमून झोपलं होतं. पहाटे चारच्या आत जमीन हलली. या भागात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमची घरं दगडामातीची. दोन अडीच हात रुंद भिंती, दिसायला किल्ल्यासारख्या. पण आतला आणि बाहेरचा थर वेगळा, मधे भर, आणि दोन्हींना बांधणारा आडवा लांब दगड नाही. डोक्यावर माळवद, आणि गळू नये म्हणून त्यावर दर साली नवी माती. मांस भरपूर, सांधा नाही. भिंती बसल्या.

आमच्या मधल्या खणात मात्र लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या आणि त्यांनी माळवद तोलून धरलं. घराचा सांगाडा तेवढा टिकला. मी तेरा वर्षांचा होतो. आईनं मला खांबाशी दाबून धरलं आणि वरून येणारा दगड स्वतःच्या हातावर घेतला. पुढं तंबूतल्या दवाखान्यात प्लॅस्टर झालं. ते सुटायच्या आत ती एका हातानं भाकरी थापायला लागली होती. नंतर त्या हाताबद्दल घरात कुणी बोललं नाही. मीही नाही.

डॉक्टर सांगत होते, "हाड मोडलं तरी स्वतः जुळतं. आधी मऊ सांधा धरतो, मग तो कठीण होतो." त्यांनी गोळ्या लिहिल्या, कोवळं ऊन आणि रोज चालणं सांगितलं. जाता जाता म्हणाले, "मूल अंगावर पितं तेव्हा आईच्या हाडांतलं कॅल्शियम दुधात उतरतं. दूध तुटलं की बहुतेक परत भरून येतं."

बहुतेक! बँकेत या शब्दाला किंमत नसते. माझ्या त्या तीनशे हाडांना सुरुवातीचं भांडवल कुणाच्या खात्यातून आलं, हे मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, रबरी उशीवर बसून कळलं. कर्ज एवढं जुनं, की व्याज काढायला घेतलं तर कॅल्क्युलेटरची हाडं खिळखिळी होतील. आणि आजवर एकदाही वसुलीची नोटीस नाही.

आता रोज सकाळी आम्ही दोघं धरणाच्या रस्त्यानं उन्हात चालतो. मी तिचा तो वाकडा हात धरतो. पडू नये म्हणून.

"धर नीट," ती म्हणते, "न्हाईतर पडशील पुन्हा."