राख आणि गोष्ट

हवानाच्या सिगारचा धूर छातीत ओढायचा नसतो. तो तोंडात क्षणभर घोळवायचा आणि सोडून द्यायचा. आरंभी सौम्य, मध्यावर भरदार, अखेरीस कडवट अशी त्याची चव उलगडत जाते. घाई केली की सिगार तापतो आणि स्वाद करपतो.

हा संथपणा कारखान्यातच त्यात वळला जातो. पिनार देल रिओ प्रांतातली वाळवलेली, आंबवून मुरवलेली पाने कारागीर हातांनी वळत असतात आणि उंच आसनावरून एक वाचक त्यांना वर्तमानपत्रे, कादंबऱ्या वाचून दाखवतो. ही प्रथा १८६५ मध्ये सुरू झाली. पुढच्याच वर्षी स्पॅनिश सत्तेने तिच्यावर बंदी घातली; ऐकणारा मजूर विचार करू लागतो, हे सत्तेने ओळखले असावे. प्रथा पुन्हा रुजली. वाचकाचे वेतन मजूर आपल्याच मजुरीतून देत. १९३५ मध्ये निघालेल्या ‘माँटेक्रिस्टो’ सिगारचे नावही द्यूमाच्या कादंबरीवरून आले.

ओढणाऱ्याच्या वाट्याला चव येते, आणि धूर गिळला नाही तरी तोंडाच्या कर्करोगाचे भयही. तासाभरात हाती राख उरते. वळणाऱ्याच्या कानी पडलेली गोष्ट मात्र जळत नाही.