काकूंचा कागद आणि तुझा गुडघा

नागपूर

ती. आत्यास,


पलीकडच्या काकूंच्या व्यायामाच्या कागदाची झेरॉक्स काढून तू तोच व्यायाम चालू केलास, असं दादा म्हणाला. कागद चांगला आहे, पण तो त्यांच्या गुडघ्याचा आहे. काकूंचा पाय प्लास्टरात होता, गुडघा आखडला होता, म्हणून त्यांना वाकवण्याचा व्यायाम. तुझा गुडघा छान वाकतो. दुखतो तो उठताना आणि जिना उतरताना. तुझी मांडी बारीक झालीय, हे मला दिवाळीतच दिसलं. तुला ताकद हवी.

माणूस तपासून व्यायाम ठरवणं काही नवं नाही. पोलिओत एकाच घरातल्या दोन मुलांचे वेगवेगळे स्नायू लुळे पडायचे. म्हणून एकेक स्नायू हाताने तपासायचा आणि मगच व्यायाम ठरवायचा, अशी रीत पडली. आपल्या देशातली फिजिओथेरपीची पहिली शाळा मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५३ साली निघाली, ती पोलिओच्याच काळात. सगळ्यांना एकच कागद वाटणारे ती रीत विसरलेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक्स-रेत गादी झिजलेली दिसली म्हणून तू हबकलीस. पण झीज आणि दुखणं यांचा हिशोब नेहमी जुळत नाही. त्या गादीला, म्हणजे कूर्चेला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार येतो-जातो, तसं सांध्यातलं वंगण तिच्यात झिरपतं आणि तिचं पोषण होतं. तेव्हा ‘हलवू नको, आणखी झिजेल’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस.

मशीनच्या शेकाचं विचारलंस. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेवर जे मार्गदर्शन काढलं, त्यात त्या त्या माणसाला बेतलेला व्यायाम हा मुख्य उपचार आहे आणि विजेच्या मशीनचे उपचार देऊ नका असं लिहिलंय. घरी गरम पाण्याची पिशवी घे, बरं वाटेल. मांडीत ताकद मात्र तिने भरत नाही.

तूर्त एवढंच कर. खुर्ची भिंतीला टेकव, तिच्यावर उशी ठेव. हात न टेकता ऊठ आणि त्याहून सावकाश बस. आठ-दहा वेळा, दम खाऊन पुन्हा एकदा. एक दिवसाआड. सोपं वाटायला लागलं की उशी काढ. करताना थोडं दुखेल, घाबरू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं रोजच्याइतकंच असेल, तर मात्रा बरोबर आहे. वाढलं, सूज आली, तर संख्या कमी कर, बंद करू नकोस. गुडघा लाल, गरम झाला आणि ताप आला, तर व्यायाम बाजूला आणि लगेच डॉक्टर.

संत्र्याच्या बागेतलं निंदण बायांवर सोड म्हटलं तर तू ऐकणार नाहीस. मग निदान उकिडवी बसू नकोस, पिढं घेऊन जा आणि मधून मधून उठून बांधावर चक्कर मार. वजनाचं बोललं की तुला राग येतो, तरी सांगते: एक किलो उतरलं, तर दर पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार कमी होतो.

रविवारी कळमेश्वरला येते. तोवर तुला नेमकं काय जमायला हवंय ते ठरव. आदाशाची टेकडी चढणं, धापेवाड्याच्या यात्रेत रांगेत उभं राहणं, की रात्री भिंत न धरता बाथरूमला जाणं? तिन्हींचे व्यायाम वेगळे आहेत.

तुझी भाची