चव घेणारा

जठारपेठेत कचोरी खाल्ली की आम्ही घरी येऊन निकाल सांगतो : तेल जुने, चटणी बरी. मंडळी हसतात, “पेपरात लिहा!”

मुंबईत हे काम खरोखरच पेपरात होई. बेहराम कॉन्ट्रॅक्टर म्हणजे ‘बिझीबी’. १९८५ साली त्यांनी ‘आफ्टरनून’ हे सायंदैनिक काढले आणि त्यात हॉटेलांवरही लिहिले. समीक्षकाने ओळख न देता जावे, बिल स्वतः भरावे, असा या कामाचा चांगला रिवाज. बिलाचे आम्हा कारकुनाला पटते.

पण ओळख लपवणे? आमच्या आजोबांना गावच्या हॉटेलात ते कधी जमले नाही. त्यांचा कप बाहेर वळचणीला खोचलेला असे. चहा वरून ओतला जाई, कप धुवायचा त्यांनीच.

कोल्हापुरात शाहू महाराज गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात चहा घेत, तो ओळख लपवून नव्हे, चारचौघांत, मुद्दाम.

आजोबा अकोल्यात आले की आम्ही त्यांना जठारपेठेत चहाला नेत असू. “चव कशी आहे, आबा?” ते आधी शेजारच्या टेबलाकडे बघत.

“कप त सगळ्यायचे सारखेच हायेत,” म्हणत, आणि मग पहिला घोट घेत.