गुंडोपंतांची कात

आमच्या साताऱ्याच्या वाड्यात सासूबाई, आम्ही तिघी जावा, मुले, सुना मिळून चौदा माणसे नांदतात, आणि गेल्या तीन वर्षांपासून त्यांत पंधरावे गुंडोपंत. गुंडोपंत हा साप आहे, हे वाचकांना प्रारंभीच सांगून टाकलेले बरे. धाकट्या भावोजींच्या चिरंजीवांनी त्याला घरी आणले तेव्हा जो गहजब उडाला, त्यावर एक स्वतंत्र लेख होईल.

आपल्याकडचा नाग किंवा धामण घरी पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरतो. गुंडोपंत आहे पश्चिम आफ्रिकेकडील एक लहानसा बिनविषारी अजगर. इंग्रजीत त्याला बॉल पायथन म्हणतात. भ्याला की डोके आत घेऊन चेंडूसारखा गुंडाळून बसतो, म्हणून सासूबाईंनीच त्याचे हे नामकरण केले. अशा परदेशी प्राण्यांचीही २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारदरबारी नोंद करावी लागते. ती पुतण्याने केली आहे. त्याच्या आहाराविषयी मी येथे लिहीत नाही. आमच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरापासून दूर, परसातल्या खोलीत त्यासाठी एक निराळी शीतपेटी आहे, एवढे पुरे.

माझे माहेर बत्तीस शिराळ्याचे. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक तेथे आहे. परंतु गावाची ख्याती नागपंचमीची. माझ्या लहानपणी पंचमीच्या आधी काही दिवस नाग धरून मडक्यांत ठेवीत, पूजा व मिरवणूक झाली की पुन्हा रानात सोडून देत. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनी जिवंत नागांचा तो सोहळा बंद पडला. त्या काळचा एक नाग मला अद्याप आठवतो. त्याची कातडी राखेसारखी मळकट दिसत होती, डोळ्यांवर निळसर दुधाळ पडदा आला होता, आणि तो समोर कोणी नसताना भलतीकडेच फणा आपटीत होता. "देव कोपला आहे," असे आई म्हणाली, आणि मी तिच्या पदराआड लपले.

गेल्या मार्गशीर्षात गुंडोपंतांचे डोळे तसेच निळे झालेले पाहून माझ्या छातीत धस्स झाले. पुतण्या हसला. म्हणाला, "काकू, तो कात टाकणार आहे." सापाला पापणी नसते, डोळ्यावर काचेसारखा एक पारदर्शक खवला असतो आणि कातेबरोबर तोही निघून येतो. जुन्या व नव्या कातडीच्या मध्ये एक द्रव साचतो, त्यामुळे डोळे दुधाळ दिसतात आणि त्या दिवसांत सापाला जवळजवळ दिसेनासे होते. पुढे डोळे निवळतात, आणि आणखी काही दिवसांनी तो नाक खरबरीत दगडावर घासून कात सैल करतो. मग पायातला मोजा उलटा करून काढावा तशी ती अखंड उतरते. म्हणजे शिराळ्याचा तो देव कोपलेला नव्हता. त्याला दिसत नव्हते, आणि आम्ही त्याच्यापुढे ताशे वाजवीत होतो!

पुतण्याला त्याच आठवड्यात परीक्षेसाठी पुण्याला जायचे होते. जाताना त्याने मला सारे बजावले: अंग बुडेल एवढे पाण्याचे भांडे, ओल्या शेवाळाचा एक झाकणाचा डबा, आर्द्रतामापकाचा काटा साठाच्या खाली जाता कामा नये, आणि त्याला हात लावायचा नाही. मी होकार दिला.

परंतु साताऱ्याची थंडी! अजिंक्यताऱ्यावरून वारा सुटला की ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. आफ्रिकेच्या जीवाला किती हुडहुडी भरत असेल, या कळवळ्याने मी सासूबाईंच्या खोलीतली विजेची शेगडी नेऊन त्याच्या पेटीजवळ रात्रंदिवस चालू ठेवली. शेवाळ सुकून कोळ झाले. काटा पस्तिसावर आला, आणि मी उष्णता पाहत होते, काट्याकडे पाहिलेच नाही.

कात निघाली ती चिंध्या चिंध्या होऊन. पाठीवर ठिगळे, शेपटीच्या टोकाशी घट्ट वळे, उजव्या डोळ्यावर खवला तसाच. मुलांची खपली काढतो त्या हाताने मी खोबरेल लावून एक ठिगळ ओढले. खालची कातडी लाल झाली. चिमटा घेऊन मी डोळ्याकडे वळले होते, इतक्यात सासूबाई दारातून ओरडल्या, "अगं, डोळा आहे तो!" चिमटा हातातून पडला.

दुसऱ्या दिवशी त्याला कापडी पिशवीत घालून मोटारीने कऱ्हाडवरून सांगलीला एका पशुवैद्यांकडे नेले. ते रागावले नाहीत, याचेच मला अधिक लागले. त्यांनी त्याला कोमट पाण्यात ठेवले, मग ओल्या टॉवेलच्या घड्यांतून आपल्या आपण सरपटू दिले. ठिगळे टॉवेलला चिकटून राहिली. शेपटीचे वळे भिजवून हळूच उतरवले. अशा वळ्याने रक्त अडते. टोक काळे पडलेच होते, आणि ते पुढे गळून गेले. डोळ्याला मात्र त्यांनी स्पर्शही केला नाही. ओढावे तर खालचा डोळाच दुखावतो. पुढच्या कातेबरोबर निघेल, म्हणाले.

रोज रात्री पुण्याहून दूरध्वनी येई. "काकू, कात टाकली?" मी म्हणे, "टाकली." परीक्षेच्या काळात मुलाचे चित्त विचलित होऊ नये, असे मी स्वतःला समजावीत होते, पण खरे पाहता मला सांगण्याचे धैर्य नव्हते. तो परतला, पेटी उघडली, शेपटी पाहिली, आणि दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलला. तिसऱ्या दिवशी त्याने आर्द्रतामापक आणून माझ्या देवघराशेजारी ठेवला. "तुम्हीच बघत जा," म्हणाला.

मी बघत गेले. शेवाळ सकाळ-संध्याकाळ भिजवी. शेगडी माळ्यावर गेली. सुमारे दीड महिन्याने डोळे पुन्हा निळे झाले. आठवडाभर मी त्या खोलीत पाण्याव्यतिरिक्त कशासाठीही गेले नाही. एका सकाळी डब्याच्या तोंडाशी पातळ, ओलसर, अखंड कात पडलेली दिसली. पुतण्याने ती उजेडापुढे धरून डोक्याकडचा भाग बोटांनी अलगद उलगडला.

"काकू, दोन्ही आहेत," तो म्हणाला. उजव्या बाजूला एकावर एक असे दोन खवले होते.