आधी त्यांच्या घरी, मग देवाच्या घरी

खानदेशातल्या आम्हा ख्रिस्ती कुटुंबांमधली आजी-आजोबांची पिढी आता जवळजवळ संपली. १९६० साली पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा आणि पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला, तेव्हा ही माणसं संसारात मुरलेली होती. कोणी भुसावळला रेल्वेत, कोणी मिशनच्या शाळेत मास्तर, कोणी दवाखान्यात नर्स, तर कोणी दुसऱ्याच्या शेतात राबणारं. मंडळीत एकी कशी टिकते हे आम्ही त्यांच्या वागण्यातून शिकलो. त्यावर प्रवचन दिलेलं मात्र आठवत नाही.

वेगळं होण्याची कारणं त्यांच्यापाशीही भरपूर होती. भुसावळ, जळगाव, चाळीसगावकडे अमेरिकेतून आलेल्या अलायन्स मिशनचं काम होतं. नंदुरबारकडे स्वीडिश मिशनचं होतं, तिथली एस. ए. मिशन शाळा आजही त्याची खूण आहे. भुसावळ जंक्शनमुळे गोव्याकडचे कॅथलिक आणि अँग्लो-इंडियन कुटुंबंही आली. बाप्तिस्मा, प्रभुभोजन, पाळकाचा अधिकार याबद्दल प्रत्येकाची रीत निराळी. पण ताप्ती खोऱ्यातली रेल्वे जळगावहून धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत नवापूरला जाई आणि तिच्या प्रत्येक स्टेशनावर आमचं एखादं ओळखीचं घर असे. आलेला माणूस कुठल्या मंडळीचा, हे हातपाय धुऊन तो पाटावर बसेपर्यंत कोणी विचारत नसे. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी पुढे आली की तो घरचाच.

प्रभुभोजनाचा रविवार जवळ आला की घराचा सूर बदले. शनिवारी संध्याकाळी आजी आठवडाभराची भांडणं काढून बसे. नळावर कोणाशी शब्दाला शब्द लागला, लग्नाच्या बोलणीत कोणाचा मान राहिला नाही, पंचांच्या निवडीवरून कोण कोणाशी बोलत नाही, सगळं. आमच्यापैकी कोणी रुसलेलं असलं, तर ती अहिराणीत म्हणे, “पहिले त्यासना घर जाय, मंग देवना घर.” वेदीपाशी अर्पण आणताना भावाचं मन आपल्याविरुद्ध आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असं मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूनं सांगितलं आहे. आजी फारशी शिकलेली नव्हती, पण ते वचन तिनं शब्दशः पाळायचं ठरवलं होतं.

आणि जायचं ते वडीलधाऱ्यानं, हा तिचा दुसरा नियम. चूक धाकट्याची असली तरी मोठ्यानं आधी उठायचं. आजोबा मंडळीचे वडील होते, लोक त्यांना मान देत. तरी कंदील घेऊन ते स्वतः दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसत. कोण बरोबर, कोण चूक हा हिशेब तिथे निघतच नसे. चहा होई, प्रार्थना होई, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही घरं एका बाकावर बसत. मान सोडायला मोठ्यानं सुरुवात केली की धाकट्याला अडून बसणं जड जातं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बायकांची एकी तर पुरुषांपेक्षा पुढची होती. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जगभर स्त्रियांचा जागतिक प्रार्थना दिन पाळला जातो. त्या दिवशी निरनिराळ्या मंडळ्यांतल्या बाया एकत्र जमत. पुरुषांना ज्या उंबऱ्यांपाशी संकोच वाटे, ते त्या सहज ओलांडत. उपासना एका मंडळीत, वाचन दुसरीच्या बाईचं, चहाची भांडी तिसरीच्या घरची. भांडी घासायला पाळकाची बायको सर्वांत आधी बसे. योहानाच्या तेराव्या अध्यायात गुरूनं शिष्यांचे पाय धुतले, तो अध्याय आम्ही त्या मोरीपाशी पाहिला.

रात्रीच्या घरच्या उपासनेत ‘उपासना संगीत’ उघडलं जाई, त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीतं. आजोबांना टिळकांचा वेगळा अभिमान होता, कारण त्या घराशी खानदेशाचं नातं होतं. धरणगावला जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या मुलाला १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांनी ‘बालकवी’ म्हटलं. पुढे नगरला टिळक आणि लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला होता, मुलगा हिंदू होता आणि हिंदूच राहिला. १९१८ मध्ये जळगावजवळच्या भादली स्टेशनापाशी रेल्वेखाली त्याचा अंत झाला. आजोबा म्हणत, प्रेम करताना अट घालायची नाही, हे त्या घरानं दाखवलं. बालकवींच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली होती आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला होता. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे येशूचे शिष्य तिथे भाऊ म्हणून यावेत, ही त्यांची इच्छा. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार फुलायचा राहिला. पण भिंतीपेक्षा माणूस मोठा, हा त्यांचा धडा आमच्या घरांपर्यंत पोचला.

त्या पिढीलाही सगळं साधलं असं नाही. नाताळात नवापूरकडच्या पाड्यांवरून आलेली भिल्ल आणि मावची मंडळी आमच्याच पंगतीत बसत, खापरावरचे मांडे त्यांच्या पानात आधी पडत. पण सोयरीक जुळवायची वेळ आली की बाप्तिस्म्याआधीची जात पुन्हा डोकं वर काढी. आजीला ते खुपे. पंगत एक आणि मांडव वेगळे, हे प्रभूला कसं चालेल, असं ती जावांना विचारी. त्यावर कोणाकडे उत्तर नसे. तो प्रश्न आमच्या पिढीनं पूर्ण सोडवला, असं मला म्हणता येत नाही.

आज आमच्या गावांत मंडळ्या वाढल्या, पण जमीन, ट्रस्ट आणि पदांवरून भावाभावांत कोर्टाच्या तारखा पडू लागल्या. एका मंडळीतून दुसरी निघते तेव्हा कारण शिकवणुकीचं सांगितलं जातं, आणि बहुतेक वेळा मुळाशी दुखावलेला मान असतो. पौलानं फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात एकचित्त राहायला सांगितलं, आणि त्यालाच जोडून दुसऱ्याला आपल्यापेक्षा श्रेष्ठ मानायला सांगितलं. ही दोन वाक्यं वेगळी केली की एकी म्हणजे नुसता ठराव उरतो.

म्हणून मंडळ्यांच्या एकीसाठी मोठ्या परिषदांची वाट पाहायला नको, असं मला मनापासून वाटतं. पुढच्या प्रभुभोजनाआधीच्या शनिवारी प्रत्येक मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी, पंचांनी आणि पाळकांनी एकेका दुखावलेल्या घरी जावं. खटल्याची फाइल घरी ठेवावी, सोबत कोणी साक्षीदारही नको. समोरचा दार उघडेल की नाही याची खात्री आजोबांनाही नव्हती, तरी ते जात. आपण त्या पिढीनं गायलेली गीतं गातो, त्यांनी बांधलेल्या इमारतींत बसतो. त्यांचं हे जाणंही आपण चालू ठेवायला हवं.