तिसऱ्या चाकाचा स्वभाव

तीन चाकांच्या गाडीची सहसा कुणाला धास्ती वाटत नाही. दुचाकी थांबली की पाय टेकावा लागतो. रिक्षा आपली आपण उभी राहते. तीन पायांची तिवई ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही, हेही खरेच. म्हणून राज्याच्या पिंक ई-रिक्षा योजनेतून एखादी बाई किंवा कर्ज काढून एखादा तरुण नवी ई-रिक्षा दारात आणतो, तेव्हा घरचे म्हणतात, ‘स्कूटर येते ना, मग यात काय अवघड?’ मला नेमके उलटे वाटते. ज्याचा हात स्कूटरवर बसलेला आहे, त्याने रिक्षाची तयारी अधिक निगुतीने करावी. कारण त्याला अंगवळणी पडलेले बरेच काही आधी विसरायचे असते.

दुचाकी वळणावर आत झुकते आणि त्या झुकण्यानेच तोल सांभाळते. रिक्षा झुकत नाही, ती बाहेरच्या बाजूला कलते. पुढचे एक आणि मागची दोन चाके जोडली तर जमिनीवर त्रिकोण होतो; गाडीचा भार त्या त्रिकोणाच्या आत आहे तोवरच ती उभी. हा त्रिकोण मागे ऐसपैस, पुढे निमुळता. ऐन वळणात ब्रेक दाबला की भार एकाच वेळी पुढे आणि बाहेर सरकतो, म्हणजे आधार कमी असतो तिकडेच. त्यात त्याच वळणावर वेग दुप्पट झाला, तर बाहेर रेटणारा जोर चौपट होतो. म्हणून वेग उतरवायचा तो वळणाआधी, सरळ रस्त्यावर. चालकाशेजारी ‘फ्रंट सीट’ बसवणे धोक्याचे ते याचमुळे: भार निमुळत्या बाजूला जातो आणि हँडल फिरवायला कोपराला जागा उरत नाही. खड्ड्यांचेही तसेच. दुचाकीला एक वाट पुरते, मोटारीला खड्डा दोन चाकांच्या मधून काढता येतो. रिक्षाच्या मात्र तीन वाटा असतात, आणि पुढच्या चाकाने चुकवलेला खड्डा मागच्याला गाठतो.

कुणी म्हणेल, ई-रिक्षाला नियमाने ताशी २५ किलोमीटरचीच मर्यादा आहे, ती कसली उलटते? पण हँडल झटक्यात वळवले, तर वळण इतके आखूड होते की कमी वेगही जास्त ठरतो. ‘रस्त्यावर उतरले की आपोआप येते’ हा दुसरा आक्षेप. सरावाने हात बसतो हे मान्य. पण तो सराव मागे बसलेल्या चार जणांच्या जिवावर का व्हावा? केंद्रीय मोटार वाहन नियमांत ई-रिक्षाच्या परवान्यासाठी किमान १० दिवसांच्या प्रशिक्षणाची अट आहे. हे दिवस सहीशिक्क्यापुरते उरकू नयेत. मोकळ्या मैदानात आधी रिकाम्या गाडीने, मग वाळूची पोती सीटवर बांधून तेच वळण घ्यावे, तोच ब्रेक दाबून पाहावा. भरलेली गाडी उशिरा थांबते आणि लवकर कलते, हे तिथे हातांना कळते. ई-रिक्षाला इंजिनाचा आवाज नसल्याने पादचाऱ्याला चाहूल लागत नाही, तेव्हा हॉर्नच्या आधी नजर वापरायची सवयही तिथेच लावावी. नव्या रिक्षाचा पहिला हप्ता भरण्याआधी एवढी तयारी झालीच पाहिजे. मैदानात ती पुरी झाल्याशिवाय पहिली सवारी घेऊ नका.