एक भिंत, दोन डोंगर



मे महिन्यात आमच्या गिरगावच्या घराला रंग दिला. चाळीतल्या दोन खोल्या. दार, खिडकी, कपाट वजा केलं की बाहेरच्या खोलीत मोकळी भिंत उरते एकच. त्या भिंतीवर मी लग्न होऊन आले तेव्हापासून सम्मेद शिखरजींचं चित्र होतं. जुनी छापील प्रत. हिरवा डोंगर, वळणावळणाची वाट, पांढऱ्या टोंका, पायथ्याशी मधुबन. आभाळाचा निळा रंग पार उडालेला, कडेला पावसाळ्यातले काळे डाग.

रंगाच्या वेळी मी ते उतरवलं, जुन्या साडीत गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवलं. त्या जागी लावली होकुसाई या जपानी चित्रकाराची मोठी लाट. मोबाइलच्या कव्हरावर, कापडी पिशवीवर तुम्हीही ती पाहिली असेल. निळीशार लाट, पांढरा फेस, मागे इवलासा फुजी पर्वत. खोली एकदम उजळली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "रंग चांगला आहे."

चौथ्या दिवशी पहाटे पाणी भरायला उठले. आई त्या लाटेसमोर पाटावर बसल्या होत्या. डोळे मिटलेले, उजव्या हाताचं बोट हवेत हळूहळू वर सरकत होतं. आवरल्यावर मी विचारलं, "आई, काय करत होतात?"

"वंदना. रोजचीच."

"पण चित्र तर…"

"जागा तीच आहे ना गं."

मला काही बोलताच येईना. आई एकोणीस वर्षांच्या असताना त्यांच्या आईबरोबर शिखरजीला गेल्या होत्या. सत्तावीस किलोमीटरची वंदना, मध्यरात्रीनंतर निघून, अनवाणी. आता गुडघे जिनाही चढू देत नाहीत. डोलीत बसायला त्या तयार नाहीत. वीस तीर्थंकरांच्या निर्वाणभूमीला त्या रोज बोटाने चढत होत्या, आणि इतक्या वर्षांत मला ते दिसलं नव्हतं.

त्या रात्री मी लाटेबद्दल वाचत बसले. तेव्हा कळलं की त्या लाटेत सापडलेल्या लांबट नावा ताजी मासळी घाईने शहरात पोचवणाऱ्या आहेत. आईंच्या वंदनेची भिंत, आणि तिथे मी मासळीच्या नावा टांगल्या होत्या! चित्र म्हणून ते थोरच आहे, पण आमच्या त्या भिंतीवर नको. सकाळी उतरवलं.

वाचताना आणखी एक गोष्ट सापडली. ही लाट म्हणजे फुजीच्या चित्रमालेतलं एक चित्र. होकुसाईने सत्तरीच्या आसपास, 1830 नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती मालिका केली. नाव 'छत्तीस दृश्यं', पण मागणी इतकी की पुढे दहा वाढवून 46 झाली. चित्रकार रेखाटन करायचा, कोरणारा लाकडी ठसे कोरायचा, छापणारा एकेका रंगासाठी वेगळ्या ठशावर कागद ठेवून तो मागून दाबत घासायचा. त्यामुळे शेकडो प्रती निघत आणि साध्या माणसालाही परवडत. फुजी त्यांचा पवित्र पर्वत. त्याच्या शिखरावर जायला बायकांना 1872 पर्यंत बंदी होती. म्हणून आजच्या टोकियोत, तेव्हाच्या एदो शहरात, फुजीचे दगड आणून छोटे-छोटे फुजी रचले होते. बायका, मुलं, म्हातारी माणसं ते चढायची.

हे मी आईंना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांचंही आपल्यासारखंच."

शिखरजींचं चित्र मी सी. पी. टँककडच्या फ्रेमवाल्याकडे नेलं. नवी प्रत स्वस्तात मिळाली असती, पण हे आईंच्या आईने दिलेलं. त्याने कागद तोच ठेवला, कडेला पांढरं माउंट दिलं. तुम्हालाही उपयोगी पडतील अशा दोन गोष्टी त्याच्याकडून शिकले. काच थेट कागदाला टेकू द्यायची नाही, मध्ये माउंटची फट हवी. आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवायचे, म्हणजे भिंतीची ओल चढत नाही. बुरशी म्हणजे अनंतकाय. आल्यावर पुसण्यापेक्षा ती येऊच न देणं हे आपलं काम. रंग उन्हाने उडतात, तेव्हा दुपारचं ऊन पडतं ती भिंत टाळायची.

शिखरजी आता जुन्या जागी आहेत. आतल्या खोलीत, कपाटाच्या बाजूच्या अरुंद पट्टीवर त्याच मालिकेतला लाल फुजी लावला आहे. मोठं पोस्टर नाही. मूळ ठशाच्या आकाराचं, साधारण 25 बाय 37 सेंटिमीटर. पहाटेच्या उन्हात लाल झालेला डोंगर, पांढरे ढग, खाली झाडी. त्यात माणूस नाही, नाव नाही, मासळी नाही.

परवा आई त्याच्यासमोर उभ्या होत्या. म्हणाल्या, "याला वाट दाखवलेली नाही. चढायचं कुठून?"

मी म्हटलं, "आई, हा नुसता बघायचा."

"हं," म्हणाल्या, आणि बाहेर पाटावर जाऊन बसल्या.

मैत्रिणींनो, घराला रंग काढाल तेव्हा भिंतीवरचं जुनं चित्र उतरवण्याआधी घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा, की तुम्ही इथे काय बघता? मी विचारलं नव्हतं.